कॉफीत काय घालावं? कपातल्या कॅलरींचा हिशेब

‘‘मॅडम, मी दूध सोडलंय. तीन महिने झाले. तरी काटा हलत नाही.’’

बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक बाई परवा समोर बसून हे सांगत होत्या. वजन थोडं जास्त, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, पाळी थांबून चार वर्षं झालेली. शाकाहारी. डॉक्टरांनी ‘कॅलरी कमी करा’ म्हटल्यावर त्यांनी सगळ्यात आधी कॉफीकडे मोर्चा वळवला. पूर्वी त्या सकाळ-संध्याकाळ घरच्या पद्धतीची, निव्वळ दुधातली, जायफळ घातलेली कॉफी घेत. ती बंद करून त्यांनी दुकानातून बदामाच्या पेयाचं खोकं आणलं. ते पातळ लागतं म्हणून जोडीला क्रीमरची पावडर आणली. ‘‘साखरेचा कणसुद्धा घालत नाही,’’ हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.

मी त्यांना दोन्ही वेष्टनं पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितलं. ती आल्यावर आम्ही दोघींनी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली. तीच बेरीज आज इथे मांडते आहे. कारण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा राहिलेला नाही.

मुळात कॉफी निर्दोष आहे

पाण्यात केलेल्या बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या एका कप कॉफीत जेमतेम दोन-तीन कॅलरी असतात. म्हणजे नसल्यातच जमा. कपातलं बाकी सगळं ओझं आपण वरून टाकतो. ते तीन वाटांनी येतं. एक ग्रॅम स्निग्धांश म्हणजे ९ कॅलरी, एक ग्रॅम साखर किंवा पिष्ट म्हणजे ४ आणि एक ग्रॅम प्रथिनं म्हणजेही ४ कॅलरी. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की कुठल्याही वेष्टनावरचा मजकूर वाचता येतो.

आता बाईंचा जुना कप बघू. दीडशे मिलिलिटर फुल क्रीम दूध आणि दोन चमचे साखर. दुधाच्या सुमारे १३० कॅलरी, साखरेच्या ४०. एकूण १७०. दिवसाला दोन कप म्हणजे ३४०. दोन पोळ्यांहून जास्त उष्मांक नुसत्या कॉफीतून. त्यामुळे कपाकडे लक्ष देण्याचा त्यांचा विचार अगदी योग्य होता.

नवा कप मात्र फसवा निघाला. त्यांनी आणलेलं बदामाचं पेय गोड केलेलं होतं. वेष्टनावर दर १०० मिलिलिटरला ६ ग्रॅम साखर लिहिली होती. म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या कपात ९ ग्रॅम, जवळजवळ पूर्वीच्या दोन चमच्यांइतकी. साखर डब्यातून आली नाही, खोक्यातून आली, एवढाच फरक. पेयाच्या साठेक कॅलरी आणि दोन चमचे क्रीमरच्या पन्नासेक मिळून कप गेला ११० वर. तरीही १७० पेक्षा तो कमीच, असं तुम्ही म्हणाल. पण ‘आता हलकी कॉफी आहे, घ्यायला काय हरकत’ या विचाराने दोन कपांचे चार झाले होते. चार कपांचे ४४० होतात. आधीच्यापेक्षा शंभर जास्त.

आणि हे करताना काय गेलं? पूर्वीच्या ३०० मिलिलिटर दुधातून रोज ९-१० ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम मिळत होतं. बदामाच्या पेयात प्रथिनं नावाला असतात आणि त्यांच्या खोक्यात कॅल्शियम वरून घातलेलंही नव्हतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पाळी थांबलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. हाडं ठिसूळ होण्याच्या नेमक्या वयात त्यांनी आपला खात्रीचा स्रोत बंद केला होता, तोही वजन न उतरवता.

पिशवीवरचे शब्द आणि मुंबईची एक गोष्ट

कॅलरी कमी करायची तर परदेशी नावाचं काहीतरी आणावं लागतं, हा मोठा गैरसमज आहे. पहिला पर्याय रोज सकाळी दाराशी येणाऱ्या पिशवीतच असतो. आपल्याकडे दुधाचे प्रकार स्निग्धांशावरून ठरवून दिलेले आहेत. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त अर्धा टक्का. गंमत अशी की यात स्निग्धांश कमी होतो, पण प्रथिनं आणि कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं, कारण ते दुधाच्या पाणीदार भागात असतं. फुल क्रीमऐवजी डबल टोन्ड घेतलं तर १०० मिलिलिटरमागे सुमारे ४० कॅलरी वाचतात आणि हाडांचं काही बिघडत नाही.

‘टोन्ड’ दुधाचा जन्म तर आपल्या मुंबईतला. १९४० च्या दशकात शहराला दूध पुरत नव्हतं. म्हशीच्या दाट दुधात स्किम्ड दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्निग्धांश खाली आणायचा, पण पोषण टिकवायचं आणि तेच दूध जास्त घरांपर्यंत न्यायचं, ही कल्पना दारा खुरोडी यांनी रुजवली. पुढे १९६३ मध्ये त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टंचाईवर काढलेला तो तोडगा आज पोट सुटलेल्या शहराच्या कामी येतो आहे.

याहून जुना तोडगा आपल्या स्वयंपाकघरात आहे. दूध तापवायचं, पूर्ण निवू द्यायचं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सकाळी वरची जाड साय अलगद उचलायची. सायीबरोबर बराचसा स्निग्धांश निघून जातो. खाली उरतं ते कॉफीला उत्तम दूध. साय विरजणाला, विरजणातून लोणी, लोण्यातून तूप. आईने आयुष्यभर केलं तेच. फक्त ते तूप त्याच दिवशी भातावर दुप्पट पडू नये. एक सूचना : पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं असेल तर त्या दुधावर साय फारशी धरत नाही, कारण स्निग्धांशाचे कण यंत्रात फोडून सगळीकडे सारखे पसरवलेले असतात. तिथे साय काढण्याच्या भरवशावर न राहता टोन्ड किंवा डबल टोन्डच घ्यावं.

बदाम, ओट, सोया, नारळ

वनस्पतीजन्य पेयांना आपल्याकडे ‘दूध’ म्हणून विकता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी नावं काढायला सांगितली होती. नारळाच्या दुधासारख्या परंपरेने चालत आलेल्या नावांचा भाग वेगळा. हा वाद शब्दांचा वाटला तरी आपल्यासाठी त्यात एक इशारा आहे : रंग दुधाचा असला तरी आतला माल दुधाचा नाही. प्रत्येक पेय वेगळं पारखावं लागतं.

बदामाचं पेय, बिनसाखरेचं असेल, तर कॅलरीत सगळ्यांत हलकं. १०० मिलिलिटरला १५ च्या आसपास. पण ते हलकं असतं कारण त्यात बदाम फार थोडे असतात, अनेकदा दोन-तीन टक्केच. बाकी पाणी आणि दाटपणा देणारे घटक. बदामाचं नाव ऐकून ज्या ताकदीची अपेक्षा आपण धरतो, ती त्यात नसते.

ओटचं पेय कॉफीत चवीला छान लागतं. पण ओट हे धान्य आहे. पेय करताना विकरांच्या साहाय्याने त्यातलं पिष्ट फोडतात, त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. म्हणून ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असूनही ते गोडसर लागतं. १०० मिलिलिटरला ४५ ते ६० कॅलरी, म्हणजे टोन्ड दुधाच्या आसपासच. मधुमेह असलेल्यांनी ते ‘हलकं’ समजून मोठा पेला भरू नये.

सोयाचं बिनसाखरेचं पेय हा यातला सर्वांत भरीव पर्याय. कॅलरी ३५ ते ४० आणि प्रथिनं दुधाच्या बरोबरीने, साधारण ३ ग्रॅम. वास काहींना आवडत नाही, पण कडक कॉफीत तो बराच झाकला जातो. कॅल्शियम वरून घातलेलं आहे का, हे मात्र वेष्टनावर पाहावं. आणि असेल तर पिण्याआधी खोकं हलवावं, कारण ते तळाशी बसतं.

नारळाच्या दुधाबद्दल कोकणात आणि गोव्यात कुणाला काही सांगायला नको. पण सोलकढीतलं पातळ दूध वेगळं आणि पहिल्या पिळणीचं घट्ट दूध वेगळं. घट्ट दुधात १०० मिलिलिटरला २०० कॅलरी सहज असतात. कॉफीसाठी म्हणून खोक्यात मिळणारं नारळाचं पेय पुष्कळ पातळ केलेलं असतं. दोन्हींचे आकडे एकमेकांना लावू नयेत.

दूध पचत नाही म्हणून पर्याय शोधणारे अनेक जण असतात. त्यांच्यासाठी लॅक्टोजमुक्त दूध हा सोपा मार्ग आहे. त्यातली दुग्धशर्करा विकराने आधीच फोडलेली असते. प्रथिनं, कॅल्शियम जागच्या जागी. पण कॅलरीही जागच्या जागी. ते थोडं जास्त गोड लागतं, तेव्हा वरची साखर कमी करता येते, हा त्याचा फायदा.

क्रीमर म्हणजे साय नव्हे

क्रीमर या शब्दात क्रीम आहे, डब्यात बहुधा नसतं. अशी पावडर अमेरिकेत १९५० च्या दशकात आली आणि ‘कॉफी-मेट’ १९६१ मध्ये बाजारात आल्यावर ती घरोघर पोहोचली. दुग्धविरहित क्रीमरचे घटक वाचा : ग्लुकोज सिरपची भुकटी, पामसारखं वनस्पती तेल किंवा हायड्रोजनयुक्त तेल, सोडियम केसिनेट, फॉस्फेटचे क्षार आणि पावडरीचे गोळे होऊ न देणारा एखादा पदार्थ. थोडक्यात, साखरेची बहीण आणि तेल. १० ग्रॅमला ५० हून जास्त कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत.

तीन जणांनी इथे विशेष जपावं. ज्यांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांनी, कारण ‘दुग्धविरहित’ लिहिलेलं असलं तरी केसिनेट हे दुधाचंच प्रथिन आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, कारण वरून घातलेलं फॉस्फेट शरीरात पटकन शोषलं जातं आणि ते बाहेर टाकणं त्यांच्या मूत्रपिंडाला जड जातं. आणि कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी, कारण पाम गरीच्या तेलात संपृक्त स्निग्धांश भरपूर असतो. ट्रान्स फॅटवर आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून एकूण स्निग्धांशाच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे, ही दिलासा देणारी बाब. पण तेल ते तेलच.

‘डेअरी व्हाइटनर’ ही तिसरी जात. ती दुधाची भुकटी असते खरी, पण तिच्यात बहुतेक वेळा साखर मिसळलेली असते, वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शापर्यंत. प्रवासात, ऑफिसात ती सोयीची. मात्र ती घातल्यावर पुन्हा साखर घालायचं कारण नाही. कंडेन्स्ड मिल्कमध्ये तर दर १०० ग्रॅमला चाळीसहून जास्त ग्रॅम साखर असते. एक मोठा चमचा म्हणजे साठेक कॅलरी.

पावडरच हवी असेल तर साधी, बिनसाखरेची स्किम्ड दुधाची भुकटी घ्या. १० ग्रॅममध्ये ३५ कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि कॅल्शियम. गुठळ्या होतात ही तक्रार असते. त्यावर उपाय असा की भुकटी आधी दोन चमचे कोमट पाण्यात कालवून घ्यावी आणि मग कॉफीत ओतावी.

फाटतं का, फेसाळतं का?

आरोग्याचं सगळं पटलं तरी कप बेचव झाला तर माणूस चार दिवसांत जुन्या वाटेवर येतो. म्हणून थोडं चवीचं शास्त्रही समजून घेऊ.

सोया किंवा बदामाचं पेय गरम कॉफीत फाटल्यासारखं दिसतं. कॉफी थोडी आम्लधर्मी असते. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की प्रथिनं एकमेकांना चिकटतात, तेच ते कण. पेय आधी कोमट करा, कॉफी मिनिटभर निवू द्या आणि पेयात कॉफी हळूहळू ओता. थंडगार पेय उकळत्या कॉफीत ओतणं टाळा. ‘बरिस्ता’ म्हणून मिळणाऱ्या पेयांत फाटू नये म्हणून फॉस्फेटचे क्षार आणि दाटपणासाठी बहुधा थोडं जास्त तेल घातलेलं असतं. म्हणून त्याच कंपनीच्या साध्या पेयापेक्षा त्याच्या कॅलरी जास्त असू शकतात.

फेस हे प्रथिनांचं काम आहे, मऊपणा हे स्निग्धांशाचं. म्हणून स्किम्ड दुधाला फेस भरपूर येतो, पण तो कोरडा लागतो. डबल टोन्ड दूध नीट तापवून, बरणीत घालून अर्धा मिनिट हलवलं की फेस चांगला धरतो आणि कप भरलेला वाटतो. बरणी मात्र अर्धीच भरा, दूध उकळतं नको आणि झाकण फडक्याने धरा. जायफळ, वेलची, दालचिनी यांचा वास आपल्या मनात गोडाशी जोडलेला असतो. चिमूटभर जायफळ किसून घातलं की साखर अर्ध्या चमच्याने कमी केलेली लवकर कळत नाही. आपल्या आज्या कॉफीत जायफळ घालत, त्यात हाही शहाणपणा होता म्हणायचा.

साखरेऐवजी गोळ्या घालाव्यात का, हा प्रश्न हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यावर विसंबू नये, अशी शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. इतरांनी गोडाची सवयच दर पंधरवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवत न्यावी. जीभ शिकते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

वेष्टन कसं वाचावं?

पुढची बाजू जाहिरातीची, मागची बाजू कामाची. मागे चार गोष्टी पाहा. आकडे १०० मिलिलिटरचे आहेत की एका ‘सर्व्हिंग’चे? क्रीमरवर सर्व्हिंग एका लहान चमच्याची दाखवतात, आपण घालतो दोन मोठे. दुसरं, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. तिसरं, प्रथिनं : १०० मिलिलिटरला ३ ग्रॅमच्या आसपास असतील तरच ते दुधाची जागा घेऊ शकतं. चौथं, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन नावांत साखर, सिरप किंवा तेल असेल तर डबा परत फळीवर ठेवा.

बाहेरच्या कॉफीला वेष्टन नसतं. तिथे ‘लहान पेला, साधं दूध, सिरप नको, वरचं क्रीम नको’ एवढं सांगायला लाजू नका. आइस्क्रीम घातलेल्या कोल्ड कॉफीचा एक उंच ग्लास सहज सव्वातीनशे कॅलरींचा होतो. तो कधीतरीचा खाऊ समजावा. तहान भागवायला पाणी आहे.

कॉफीच्या वेळेबद्दलही दोन शब्द. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावं आणि जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास थांबून मगच कॉफी घ्यावी. गोळीबरोबर घेतलेली कॉफी, दूध किंवा सोया तिचा गुण कमी करतात.

मग बाईंचं काय ठरलं?

क्रीमर बंद. बदामाचं खोकं संपलं की पुन्हा नाही. घरात टोन्ड दूध. कपात पाऊण वाटीहून थोडं कमी, म्हणजे ७५ मिलिलिटर दूध, तेवढंच पाणी, कॉफी नेहमीपेक्षा जरा कडक, एक चमचा साखर, वर जायफळ. एका कपाच्या सुमारे ६५ कॅलरी. दिवसाला दोनच कप, म्हणजे १३०. कपातून कमी झालेलं दूध भरून काढायला दुपारच्या जेवणात वाटीभर दही आणि आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी. साखर पुढे अर्ध्या चमच्यावर आणायची.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा वजन दीड किलोने उतरलं होतं. सगळं श्रेय कॉफीला देणार नाही, कारण संध्याकाळचं चालणंही त्यांनी सुरू केलं होतं. पण जाताना त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, तीन महिने मी कॉफी पीत होते, पण ती कॉफी लागतच नव्हती. आता लागते.’’

आकड्यांइतकंच हेही महत्त्वाचं आहे. रोज पाळायचा नियम जिभेला पटणारा असावा लागतो. तेव्हा उद्या सकाळी आधी आपला नेहमीचा कप मापून बघा : दूध किती, कुठलं, साखर किती, आणि दिवसात असे कप किती? बहुतेकांना उत्तर तिथेच सापडेल. दुकानात जायची गरज कदाचित पडणारही नाही.